सायकली गाडीच्या आत मावल्या पाहिजेत: न्यूझीलंडमधले 14 दिवस

आधी निकाल सांगतो, कारण पुढचं सगळं वाचायला प्रत्येकाला वेळ असतोच असं नाही. माउंटन बाइक घेऊन कॅम्पर व्हॅनने (आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने) फिरायचं असेल तर सायकली आत ठेवता येतील अशीच गाडी घ्या. "मागे रॅक लावून देतो की" असं जो म्हणेल त्याच्याकडून गाडी घेऊ नका. निम्म्या पैशात दिली तरी नको.

मी ऑकलंडला राहतो. धाकटा मामेभाऊ फेब्रुवारीत पुण्याहून स्वतःची सायकल घेऊन आला. ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन, फेरी बोटीने पिक्टन, नेल्सन, वेस्ट कोस्ट, क्रेगीबर्न, क्वीन्सटाउन आणि शेवटी क्राइस्टचर्चला गाडी परत. मीटरवर 2,340 किलोमीटर झाले. दिवसाला हजार मीटर चढ तुम्हाला झेपतो, टायर बसवता येतो, ब्रेकचे पॅड बदलता येतात असं धरून लिहितोय.

पुण्याहून सायकल आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. विमानतळावर उतरताना फॉर्मवर "वापरलेली सायकल" असं लिहायचं, लपवायचं नाही. इथे बाहेरची माती आणि बिया येऊ नयेत म्हणून फार कडक तपासणी असते. न सांगता सापडलात तर जागेवर 400 न्यूझीलंड डॉलर दंड. भावाने निघायच्या आदल्या रात्री टायरच्या खाचा जुन्या टूथब्रशने घासल्या होत्या, बुटांचे तळवेसुद्धा. दहा मिनिटांत सोडलं. आणि ई-बाइक आणायचा विचार असेल तर सोडून द्या, तेवढी मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेऊच देत नाहीत.

आता गाडी. दोघांसाठीची जुनी टोयोटा हायएस व्हॅन, डिझेल, आत बेड, मागे स्वयंपाकघर. जाहिरातीत सायकलवाल्यांसाठी खास असं लिहिलं होतं, फोटोत मागे दोन सायकली झोकात टांगलेल्या. गाडी म्हणून हायएसबद्दल माझी काही तक्रार नाही, इंजिनाने एकदाही त्रास दिला नाही. घोळ होता तो आतल्या रचनेत, आणि तो फोटोत दिसत नाही. स्वयंपाकघर मागच्या वर उघडणाऱ्या दाराखाली. म्हणजे दार उघडायचं, त्याच्या सावलीत उभं राहायचं, आणि शेगडी, सिंक, भांडी सगळं तिथे. सायकलींचा रॅक नेमका त्याच दाराच्या मागे. सायकली लावलेल्या असताना दार वर जातच नाही.

म्हणजे सकाळच्या चहासाठी काय करायचं? कुलूप काढा, दोन पट्टे सोडा, बाहेरची सायकल उतरवा, आतली उतरवा, दोन्ही गाडीला टेकवून ठेवा, रॅक खाली पाडा, दार उघडा, मग पातेलं ठेवा. चहा पिऊन झाला की हेच सगळं उलट्या क्रमाने. पहिल्या दिवशी मजा वाटली. चौथ्या दिवशी पाऊस होता, मी कुलूप काढायला लागलो तर भाऊ म्हणाला, "दादा, राहू दे चहा. पुढे पेट्रोल पंपावर पिऊ." त्यानंतर आम्ही बहुतेक वेळा पंपावरच प्यायलो. स्वयंपाकघराचं भाडं भरून.

रोटोरुआबद्दल फार लिहीत नाही. व्हाकारेवारेवा जंगल, 200 किलोमीटरपेक्षा जास्त ट्रेल्स, म्हणजे सायकलच्या वाटा, शहरापासून पाच-सहा किलोमीटरवर. वाइपाच्या पार्किंगमधून सुरुवात करा. तीन दिवस होतो, एकही वाईट गेला नाही.

वेलिंग्टनला फेरीच्या रांगेत पहिला फटका. कुक सामुद्रधुनी ओलांडायला साडेतीन तास लागतात आणि गाडीचं भाडं लांबीवर ठरतं. भाड्याच्या कागदावर कंपनीने लांबी 4.7 मीटर लिहून दिली होती, मी तीच टाकून तिकीट काढलं. रांगेतल्या माणसाने टेप लावली: रॅक आणि सायकली धरून 5.6. तिथेच 98 डॉलर जास्तीचे भरले. फेरीवाल्यांचं काही चुकलं नाही, नियम आधीपासून लिहिलेला असतो: टो-बार (मागे ट्रेलर जोडायचा दांडा), रॅक, सायकली सगळं धरून लांबी सांगायची. पण सायकली लावायला गाडी देणाऱ्याने हे सांगायला नको का? त्याच माणसाने आणखी एक दाखवलं. सायकलींच्या मागे आमची नंबर प्लेट दिसतच नव्हती. इथे रॅकने प्लेट झाकली जात असेल तर रॅकवर लावायला वेगळी जादा प्लेट घ्यावी लागते, आणि आम्हाला ती दिलेलीच नव्हती.

नेल्सन छान. वेस्ट कोस्टवर मात्र सँडफ्लाय. आपल्याकडची चिलटं बरी, ती चावत तरी नाहीत. या माश्या घोटे, मनगटं, कानामागे अशा जागी चावतात आणि आठवडाभर खाज जात नाही. ज्यांचं स्वयंपाकघर आत आहे ते दार लावून निवांत जेवतात. आम्ही उघड्यावर उभं राहून मॅगी ढवळत होतो, एक हात डावावर आणि एक हात पायावर.

आता ओटिरा. वेस्ट कोस्टकडून आर्थर्स पासला चढणारा हा घाट सबंध प्रवासात माझ्या डोक्यात बसलाय. 1999 साली तिथे 440 मीटर लांबीचा पूल बांधला, त्याआधी रस्ता कोसळणाऱ्या दरडीतून जायचा. रस्ता आता चांगला आहे, पण चढ असा की भरलेली हायएस दुसऱ्या गिअरमध्ये. पाऊस, आडवा वारा, आणि आरशात दिसत होतं की मागचा रॅक डावी-उजवीकडे झुलतोय. वरच्या व्ह्यूपॉइंटला थांबलो. पट्टा सैल होऊन माझ्या सायकलचं पेडल भावाच्या फ्रेमवर घासत होतं, बोटाएवढ्या लांबीचा रंग खरवडला गेला होता. पुण्याहून सहा हजार रुपयांच्या खोक्यात पॅक करून आणलेली सायकल, विमानात एक ओरखडा आला नव्हता.

पट्टा आवळला आणि पाच मिनिटं पूल बघायला कठड्यापाशी गेलो. परत आलो तर रॅकवर दोन कीआ. कीआ म्हणजे तिथला डोंगरी पोपट, हिरवट, मोठा, वाकड्या धारदार चोचीचा, आणि रबर दिसलं की सोडत नाही. एक जण भावाच्या सीटवर बसून कडेची शिवण उसवत होता, शांतपणे, एखादा शिंपी काम करतो तसा. दुसऱ्याने ग्रिपचं टोक कुरतडून खाली टाकलं होतं. हाकलले तर दोन पावलं मागे सरकले, इतकंच. संरक्षित पक्षी आहे, त्याला हात लावायचा नाही, खायला तर मुळीच द्यायचं नाही. सीटमधला पिवळा फोम बाहेर आला. उरलेला प्रवास भावाने सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधून केला. सायकल आत असती तर यातलं काहीही झालं नसतं.

त्या रात्री क्रेगीबर्नला मुक्काम. पाऊस थांबला नाही. ओल्या सायकली बाहेर, ओले बूट ड्रायव्हरच्या सीटखाली, काचांवर आतून पाणी. गाडीत हीटर म्हणजे इंजिन चालू असेल तेव्हाचाच. शेजारी एक वयस्क जोडपं होतं, उंच छपराची फियाट डुकाटो व्हॅन घेऊन. साडेसहाला त्यांची खिडकी पिवळी उजळलेली, आत सूप उकळतंय, आणि सायकली कुठेच दिसेनात. मी सरळ जाऊन विचारलं. काकांनी मागची दोन्ही दारं उघडून दाखवली: बेड उंचावर आडवा, त्याखाली सरकता ट्रे, ट्रेवर पुढची चाकं काढलेल्या दोन सायकली. डिझेलवर चालणारा वेगळा हीटर, त्याच्या गरम हवेच्या नळीपाशी बूट वाळत ठेवलेले.

त्यांच्याच टेपने मापं घेतली, ती देतो. बेडखाली मोकळी उंची 104 सेंटिमीटर. 29 इंची चाकाची सायकल, पुढचं चाक काढून आणि सीट खाली करून, एवढ्यात उभी राहते. चाक काढल्यावर लांबी दीड मीटरच्या आसपास, म्हणजे डुकाटोच्या रुंदीत आडवी सहज बसते. पूर्ण सायकल पावणेदोन मीटरच्या पुढे जाते, ती अडते. छप्पर मात्र उंचच घ्या, कारण बेड एवढा वर गेला की मधल्या उंचीच्या गाडीत वर ताठ बसता येत नाही. आणि बेड आडवा असल्याने सहा फुटांच्या माणसाचे पाय दुमडतात. आम्ही दोघंही साडेपाच-पावणेसहा फुटांचे, आम्हाला चाललं असतं.

सकाळी उघडलं. स्की फील्डकडे जाणारा रस्ता खडीचा आहे आणि आमच्या विम्यात खडीचा रस्ता बसत नव्हता. गाडी खाली ठेवून चढ पेडल मारत गेलो. वर एज नावाचा ट्रेल आहे: बीच नावाच्या झाडांच्या जंगलातून निघून मध्येच उघड्या घसाऱ्यावर येतो, हातभर रुंद वाट, डावीकडे दरी. त्यावरून जाताना आदल्या दिवसाचं सगळं विसरलो. भाऊ खाली पोचल्यावर काही बोललाच नाही, नुसता हसत होता. फक्त यासाठी या देशात या. पण करार सही करण्याआधी "खडीचा रस्ता" हे शब्द त्यात शोधा. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड तर भाड्याच्या गाड्यांना सरसकट बंद असतो. गाडीच्या छपराचं आणि पोटाखालचं नुकसान विम्यात धरलंय का तेही वाचा.

टॉयलेटचा प्रश्न घरून येणारे सगळे विचारतात, म्हणून. फुकटच्या बहुतेक जागी रात्री थांबायचं असेल तर गाडी "सेल्फ-कंटेन्ड" (टॉयलेट, पाणी, सांडपाणी सगळं गाडीतच) लागते, आणि 2023 च्या कायद्यानुसार टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं हवं. कपाटात ठेवलेला सुटा डबा आता चालत नाही. बेड अंथरलेला असतानाही ते वापरता आलं पाहिजे. हिरवं प्रमाणपत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तारीख बघा. पैसे वाचवायला छोटी गाडी घेतलीत आणि रोज रात्री कॅम्पसाइटचे पैसे भरलेत तर वाचलं काय?

ई-बाइक इथे भाड्याने घेणार असाल तर आणखी एक हिशोब. गाडीतली 100 अँपिअर-तासाची साधी बॅटरी म्हणजे 1,200 वॅट-तास, त्यातले निम्मेच वापरायचे. सायकलची बॅटरी 500 ते 700 ची. एक सायकल चार्ज केली की रात्री दिवा नाही. विजेची जोडणी असलेल्या जागेचे पैसे धरूनच चाला.

शेवटचा फटका क्राइस्टचर्चला. न्यूझीलंडमध्ये डिझेलच्या किमतीत रस्त्याचा कर नसतो, किलोमीटरवर वेगळा भरावा लागतो. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला 1,000 किलोमीटरला 76 डॉलर. आमच्या 2,340 किलोमीटरचे होतात 178. बिलात 222 लावले होते. विचारलं तर "आमचा दर 100 किलोमीटरला साडेनऊ आहे, पान सात बघा." पान सातवर होतं, बारीक अक्षरात. वर चिखल झाला म्हणून 150. सायकलवाल्यांसाठी खास गाडी, आणि चिखलाचे पैसे वेगळे! काउंटरवर अर्धा तास वाद घातला, एक डॉलर सुटला नाही. भावाचं विमान होतं, नाहीतर मी तिथेच बसून राहिलो असतो. तुम्ही आधीच विचारा: रस्ता-कर सरकारी दराने घेता की स्वतःच्या? आणि उत्तर ईमेलवर मागा.

एप्रिलमध्ये मी आणि एक मित्र परत क्रेगीबर्नला गेलो. या वेळी डुकाटो, बेड आडवा, खाली गॅरेज म्हणजे सायकली ठेवायची जागा, रोजचं भाडं जवळपास दीडपट. बुकिंगच्या आधी सायकल घेऊनच त्यांच्या यार्डात गेलो आणि म्हटलं, आधी ही आत घालून बघतो. तिथल्या बाई काही न बोलता किल्ली घेऊन आल्या. पुढचं चाक काढलं, सीट खाली केली, ढकलली. हँडल बेडच्या फळीला अडकलं. त्यांनी बेडचे दोन बोल्ट काढून फळी एक भोक वर लावली, सायकल आत गेली, आणि मगच मी कार्ड पुढे केलं.