‘अ कोरस लाइन’ची रेषा आणि कॅमेरा

रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी १९८५ मध्ये पडद्यावर आणलेली ‘अ कोरस लाइन’ पाहताना मला सतत एकच प्रश्न पडत राहिला: या चित्रपटात प्रेक्षक म्हणून माझी जागा नेमकी कोणती? मूळ संगीतिकेच्या प्रेक्षकाला हा प्रश्न पडण्याचे कारण नाही, कारण त्याची जागा तिचे दिग्दर्शक मायकल बेनेट यांनी आधीच ठरवून ठेवलेली आहे. रंगमंचावर आखलेल्या एका पांढऱ्या रेषेवर सतरा नर्तक-नर्तकी उभे आहेत. त्यांतून कोरससाठी, म्हणजे मुख्य कलाकाराच्या मागे नाचणाऱ्या समूहासाठी, आठ जणांची, चार पुरुषांची आणि चार स्त्रियांची, निवड व्हायची आहे. आणि निवड करणारा दिग्दर्शक झॅक सुरुवातीची पावले करून घेतल्यावर प्रेक्षागृहाच्या मागच्या अंधारात जाऊन बसतो. पुढे बराच वेळ त्याचा केवळ आवाज ऐकू येतो, आणि तोही प्रेक्षकांच्या पाठीमागून. त्यामुळे नर्तक ज्याला उत्तरे देतात, ज्याच्यापुढे आर्जवे करतात, तो झॅक आणि तिकीट काढून आलेला प्रेक्षक हे एकाच दिशेला, एकाच बाजूला असतात. कोण आवडले आणि कोण नको, हे आपणही मनातल्या मनात ठरवू लागतो, आणि ते ठरवताना थोडी लाजही वाटते.

ही रचना अचानक सुचलेली नव्हती. जानेवारी १९७४ मध्ये न्यूयॉर्कमधील काही नर्तक एका व्यायामशाळेत जमले, आधी नाचले आणि मग टेप रेकॉर्डर चालू ठेवून रात्रभर आपापल्या आयुष्याविषयी बोलत राहिले. त्या ध्वनिफितींतून संहिता उभी राहिली. निर्माते जोसेफ पॅप यांच्या पब्लिक थिएटरमध्ये १९७५ साली तिचे प्रयोग सुरू झाले, त्याच वर्षी जुलैमध्ये ती ब्रॉडवेवरील शुबर्ट थिएटरमध्ये गेली आणि १९९० पर्यंत तिचे ६,१३७ प्रयोग झाले. मध्यंतर नाही, नेपथ्य म्हणजे मागचे काळे पडदे आणि रॉबिन वॅग्नर यांचे फिरते आरसे, बस्स. ज्यांना कायम मुख्य कलाकाराच्या मागे उभे राहावे लागते, त्यांना प्रथमच एकेक करून बोलते करायचे, आणि शेवटी सोनेरी पोशाख व उंच टोप्या घालून पुन्हा एकसारखे करून टाकायचे, असा हा सगळा डाव आहे.

तो पडद्यावर कसा मांडावा याविषयी बेनेट यांची स्वतःची एक कल्पना होती. नाटकाचे चित्रीकरण करू नये. ‘अ कोरस लाइन’ या चित्रपटासाठीच नर्तक चाचणी द्यायला आले आहेत, असे दाखवावे, म्हणजे झॅकच्या जागी कॅमेरा येईल. हक्क विकत घेतलेल्या युनिव्हर्सल स्टुडिओला ती मानवली नाही आणि बेनेट बाजूला झाले. चित्रपटाच्या इतिहासात याहून मोठे नुकसान असेलही, पण या संगीतिकेपुरते बोलायचे तर मला हेच सर्वांत मोठे वाटते.

अखेर काम आले अ‍ॅटनबरो यांच्याकडे. आपल्याकडे त्यांचे नाव निघाले की ‘गांधी’ आठवतो, रोहिणी हट्टंगडींची कस्तुरबा आठवते, भानू अथय्यांचे ऑस्कर आठवते. अंत्ययात्रेच्या दृश्यासाठी दिल्लीत तीन लाखांहून अधिक लोक जमवणाऱ्या दिग्दर्शकाला आता एका रेषेवरच्या सतरा जणांकडे पाहायचे होते. तरीही हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या महायुद्धावरील ‘ओह! व्हॉट अ लव्हली वॉर’ हे लंडनचे गाजलेले संगीतनाट्य त्यांनी १९६९ मध्ये पडद्यावर आणले, तेव्हा रंगमंच सोडून ब्रायटनचा समुद्रात गेलेला धक्का निवडला आणि सगळे युद्ध त्या करमणुकीच्या जागी आणून बसवले. नाटकातील संकेताला पडद्यावरचा तोलामोलाचा संकेत शोधावा लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणूनच इथे तो त्यांनी का शोधला नाही, याचे कोडे उलगडत नाही.

पहिला घाव झॅकवर पडतो. मायकल डग्लस यांना घेतले म्हणजे त्यांचा चेहरा दाखवणे आलेच. मग प्रेक्षागृहातील टेबल, त्यावरचा दिवा आणि कपाळावरची आठी हेही आले. जो आवाज आपल्या पाठीमागून यायला हवा, तो समोर येऊन बसला, आणि निवड करण्याची आपली जबाबदारी त्याने आयती उचलली. दुसरा घाव कॅसीच्या निमित्ताने. एकेकाळी झॅकसोबत राहिलेली, एकल भूमिका करून हरलेली आणि आता समूहात जागा मागायला आलेली ही नर्तकी नाटकात रेषेवरच उभी असते. चित्रपटात ती उशिरा येते, तिला थांबवून ठेवले जाते आणि त्यांच्या जुन्या प्रेमाची पूर्वदृश्ये मधूनमधून घातली जातात. दर वेळी पूर्वदृश्य सुरू झाले की रेषा तुटते, आणि बाकीचे सोळा जण पुन्हा तिथेच जाऊन पोहोचतात जिथून नाटकाने त्यांना बाहेर काढले होते, म्हणजे मुख्य पात्राच्या मागे.

‘व्हॉट आय डिड फॉर लव्ह’ या गाण्याचे जे झाले ते तर माझ्या मते अक्षम्य आहे. नाटकात पॉल या तरुणाचा गुडघा तालमीत दुखावतो, त्याला उचलून नेतात आणि झॅक उरलेल्यांना विचारतो की उद्या नाचता आले नाही तर काय कराल. डायना मोरालेस गाऊ लागते आणि हळूहळू सगळे तिला साथ देतात. त्यातले प्रेम नृत्यावरचे आहे. चित्रपटाने ते गाणे कॅसीला दिले आणि त्या प्रेमाचा विषय झॅक करून टाकला. गाणे तेच, चाल तीच, पण एका पेशाविषयीचे बोलणे प्रियकराविषयीचे झाले.

पॉलचे स्वगत मात्र मुद्दाम थांबून पाहण्यासारखे आहे. स्त्रीवेशातील नाचाच्या कार्यक्रमात तो काम करतो हे घरी ठाऊक नसते. दौऱ्यावर निघण्यापूर्वी आईवडील निरोप द्यायला थिएटरवर येतात, त्याला त्या वेशात पाहतात, आणि जाताना वडील निर्मात्याला सांगतात की माझ्या मुलाची काळजी घ्या. मुलगा म्हणून त्यांनी त्याचा उल्लेख पूर्वी कधी केलेला नसतो. सहलेखक निकोलस डान्टे यांच्या स्वतःच्या आयुष्यातून आलेल्या या प्रसंगाला गाणे नाही, नृत्य नाही. तो संपल्यावर झॅक अंधारातून चालत वर येतो आणि त्याला जवळ घेतो. इतका वेळ केवळ आवाज असलेला माणूस देहाने येतो, यातच त्या क्षणाचे बळ आहे. ज्याला आपण आधीपासून पाहतच आहोत त्याच्या येण्याने तसे काही घडत नाही.

बेनेट १९८७ मध्ये गेले. २००६ च्या पुनरुज्जीवित प्रयोगासाठी झालेल्या खऱ्या निवडचाचण्यांवर ‘एव्हरी लिटल स्टेप’ हा माहितीपट २००८ मध्ये आला, आणि बेनेट यांची नाकारलेली कल्पना त्यात जवळजवळ जशीच्या तशी सापडते. टेबलामागे त्यांचे जुने सहकारी बॉब अ‍ॅव्हियन आहेत, १९७५ मध्ये कॉनीची भूमिका केलेल्या बायोर्क ली आहेत, आणि जेसन टॅम हा तरुण पॉलचे स्वगत म्हणतो. साधी खोली, ना पूर्वदृश्ये ना वेशभूषा. इथे कॅमेरा निवड करणाऱ्यांकडेही वळतो आणि तरी खटकत नाही, कारण हे लोक निवडीचा अभिनय करत नाहीत. डोळे पुसत असतानाच भूमिका कोणाला द्यायची हे त्यांना ठरवायचे आहे. ती भूमिका टॅमला मिळाली.