हेलिकॉप्टरने नेलं, यादीने अडवलं

निवडणुकीला हेलिकॉप्टरने गेलो होतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘गुरुजी, भेव नाही लागलं?’ हेलिकॉप्टरचं नाही लागलं. डोकं फिरवलं ते त्याच्या फेऱ्यांच्या यादीने, आणि ते अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही.

मतदान १९ एप्रिल २०२४ चं, लोकसभेचं. मतदारसंघ गडचिरोली-चिमूर. मी झेडपीचा मास्तर, केंद्राध्यक्ष. केंद्र मिळालं भामरागड तालुक्यात, पार आत. भूसुरुंगाच्या धोक्यामुळे अशा केंद्रांच्या पार्ट्या, म्हणजे मतदान घेणारी पथकं, रस्त्याने पाठवत नाहीत. मतदानाच्या आधीच वायुसेनेचं एमआय-१७ अहेरीहून पोलीस मदत केंद्रात, इकडच्या भाषेत पोमकेत, नेऊन सोडतं. पुढे जवानांच्या मधे चालत शाळेपर्यंत. प्रशिक्षण, साहित्यवाटप, जाणं सगळं सुरळीत झालं.

चढताना सी-६० च्या, म्हणजे गडचिरोली पोलिसांच्या कमांडो पथकाच्या, एका जवानाने सांगितलेलं मात्र ध्यानात ठेवा. ‘गुरुजी, शेपटीकडं बिलकुल जायचं नाही. पायलटले दिसान अशाच बाजूनं या. टोपी खिशात टाका, दुपट्टा आत खोसा.’ शेपटीचा पंखा फिरताना दिसत नाही, हे तिथे गेल्यावरच कळतं. वरचा पंखाही तुमच्यासाठी थांबत नाही. मुरमाचा असा फुफाटा उडतो की तोंड मिटूनच चालावं. आत भिंतीला लागून बाकडी, समोरच्याच्या गुडघ्याला गुडघा, मधे मशीनच्या पेट्या, आणि रॉकेलसारखा वास. जमिनीवर उभं असतानाच ते एवढं थरथरतं की हातातली मतदारयादी वाचता येत नाही. कानात घालायला कापूस घरून न्या. तिथे कोणी देत नाही.

मतदान सकाळी ७ ते दुपारी ३. ३ वाजता रांगेत जेवढे उभे होते त्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटल्या, ते संपवलं, मशीन बंद केली, नमुना १७क, म्हणजे झालेल्या मतांचा हिशेब, भरला, पेट्या सील केल्या आणि पोमके गाठली.

इथून पुढे गाडं अडलं.

हेलिकॉप्टरच्या फेऱ्या यादीप्रमाणे होतात. कोणती पार्टी, किती माणसं, किती पेट्या, सगळं आधी लिहिलेलं. भर उन्हात हवा विरळ होते, हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं. त्यामुळे दुपारच्या फेरीत सकाळएवढी माणसं घेत नाहीत, आणि अंधारात पोमकेच्या हेलिपॅडवर ते उतरत नाही. हे पटण्यासारखं आहे. आमच्याच शाळेतल्या खोली क्र. १ ची पार्टी पुढे गेली, आम्ही खोली क्र. २ चे मागे राहिलो, तेही पटलं. पण पुढच्या फेरीच्या यादीत आमचं नावच नव्हतं. वायरलेसवाल्याने अहेरीला विचारलं. उत्तर आलं, ‘ती पार्टी पोहोचली.’

मी पेटीवर हात ठेवून उभा, आणि तिकडे मी पोहोचलेलो! एका शाळेची दोन केंद्रं, तिथल्या टेबलावरच्या माणसाने दोन्हींपुढे टिक मारून टाकली होती. वायरलेसवाल्याने केंद्र क्रमांक पुन्हा सांगितला. पुन्हा तेच, ‘पोहोचली.’ मी म्हटलं, मग मी कोण बोलतोय? तो हसला, पण हे काही त्याने पुढे कळवलं नाही.

शेवटची फेरी आमच्या डोळ्यांदेखत उडाली. आम्ही टिनाच्या शेडखाली. केंद्राध्यक्षाने मशीन सोडून हलायचं नसतं. मी आणि मतदान अधिकारी क्र. १ आळीपाळीने लघवीला जायचो, एक जण पेट्यांपाशी. जवानांनी वरणभात दिला. त्यांना या वाट पाहण्याचं काहीच नव्हतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, रजा मंजूर, बॅग भरलेली, आणि हेलिकॉप्टरचा पत्ता नाही. आधी आजारी माणूस, आधी बाळंतीण, मग जागा उरली तर जवान. त्यातला एक म्हणाला, ‘तुमाले निदान उद्याचं तं म्हनता येते, गुरुजी.’ यावर मी काय बोलणार?

युक्तीही त्यानेच सुचवली. नाव सांगू नका, मशीनचा नंबर सांगा. कंट्रोल युनिटचा नंबर वायरलेसवरून एकेक आकडा करून वाचला आणि म्हटलं, ही पेटी तुमच्याकडे कुठे ठेवली ते पाहून सांगा. बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज नरमला, ‘सकाळी पहिल्या फेरीत घेतो.’ माणूस हरवला तर चालतं, मशीन हरवली म्हटल्यावर मात्र सगळे उठले. म्हणून कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि व्हीव्हीपॅट, तिन्हींचे नंबर वेगळ्या कागदावर लिहून खिशात ठेवा.

सकाळी खरंच घेतलं. खिडकीतून इंद्रावती दिसली, पात्रात वाळूच जास्त. अर्ध्या तासाच्या आत अहेरी.

टेबलावर रजिस्टर घेऊन तोच माणूस. ‘तुमच्यापुढं तं टिक आहे,’ म्हणे. ती खोडायला लावली आणि खाली नव्याने नोंद करून घेतली. साहित्य जमा केल्याची पावती मिळाली, त्यावर आदल्या दिवशीची तारीख! तीही तिथेच उभं राहून दुरुस्त करवली, सहीसकट. घरी जायची कितीही घाई असली तरी पावती वाचल्याशिवाय टेबल सोडू नका.