ओल्या वाळूचं बिल

एमबीएच्या इंटर्नशिपला मला बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचं, परचेस खातं मिळालं. बरोबरचे सगळे मार्केटिंगला पळाले होते. इंडेंट (खात्याची मागणी), एन्क्वायरी, कोटेशन, तुलना तक्ता, पीओ (खरेदीची ऑर्डर) हे परचेसच्या सरांनी भराभर दाखवलं. त्यात अडण्यासारखं काही नव्हतं. तुलना करताना फक्त नुसत्या दरावर जाऊ नका. भाडं आणि उतराई धरून माल आपल्या गेटात कितीला पडतो ते बघा.

अडलं ते जीआरएनपाशी. माल आला, मोजला, तपासून घेतला, असं स्टोअर लिहून देतं तो हा कागद. पीओ, जीआरएन आणि बिल तिन्ही जुळल्याशिवाय अकाउंट्स पैसे सोडत नाही. पुस्तकात हे अर्ध्या पानात उरकलंय. माझी अर्धी इंटर्नशिप त्यात गेली.

कोअर म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा ठोकळा. त्यासाठीची सिलिका वाळू कणकवलीकडच्या कासार्ड्याहून घाट चढून येते. ऐन जुलैत गाडी आली. चलनावर 20 टन, आमच्या काट्यावरही 20 टन. पण मूठ भरून दाबली तर गोळा होत होता. अशा वाळूत रेझिन (वाळू बांधून ठेवणारा चिकट पदार्थ) नीट धरत नाही, कास्टिंगला गॅसची भोकं पडतात. क्वालिटीवाल्यांनी 50 ग्रॅम नमुना ओव्हनमध्ये वाळवला, तो 47 ग्रॅम भरला. 6 टक्के ओल. म्हणजे 20 टनांत 1.2 टन नुसतं पाणी, तेही वाळूच्या दरानं आणि वर घाटाचं भाडं देऊन!

ड्रायव्हर म्हणाला, "पावस काय मी पाडलंय?" त्याचंही खरंच होतं.

मग सुरू झाली टेबलांची वारी. स्टोअरवाले मामा म्हणायचे, क्वालिटीची सही आण. क्वालिटी म्हणे, पीओत ओल किती चालेल ते लिहिलेलंच नाही, मग पास-नापास कशावर ठरवू? अकाउंट्सच्या मॅडम मान वर न करता सांगायच्या, "बिल 20 चं, जीआरएन 18.8 चं. बसत नाही." परत मामांकडं गेलं की कानडीत "नाळे बर्री", उद्या या. वाळू तोवर वापरून संपतही आली होती, कागद मात्र तिथंच. मला अजून राग येतो तो याचाच: सर धरून चौघांपैकी कुणीही पुरवठादाराला एक फोन करायला तयार नव्हतं.

शेवटी सरांनी मलाच फोन लावायला सांगितला. माणूस समजूतदार निघाला, ओव्हनचा रिपोर्ट मागवून क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद, द्यायला तयार झाला. तो महाराष्ट्रातला, आम्ही कर्नाटकात, म्हणून बिलावर आयजीएसटी. क्रेडिट नोटही लवकर आणि करासकट हवी, ती त्यानं जीएसटी रिटर्नमध्ये दाखवायला हवी, असं मॅडमनी बजावलं. पुढच्या पीओत मी दोन ओळी घालून घेतल्या: ओल किती टक्क्यांपर्यंत चालेल आणि त्यावरची वजनातून वजा, आमच्या काट्याचं वजन अंतिम. त्या ओळींचा मला अभिमान आहे, हसू नका.

तक्रार असली तर ती लेखीच करा, फोनवरची धरत नाहीत. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते, नाहीतर माल स्वीकारला असं धरतात. करार असला तरी पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे. 2024-25 या आकारणी वर्षापासून मुदत चुकवली तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. मॅडमची घाई यामुळं होती, हे मला फार उशिरा कळलं. आधी सांगितलं असतं तर!

व्हायव्हात ईओक्यू, म्हणजे एका वेळी किती माल मागवणं सर्वांत स्वस्त पडतं ते, विचारतातच. हॅरिसचं 1913 चं सूत्र पाठ करा, पण वाळू गाडीच्या मापानं येते हेही सांगा. सूत्रानं साडेतेरा टन काढले तरी भाडं अख्ख्या गाडीचंच पडतं. क्राल्जिकची 1983 ची चौकट (खरेदीच्या वस्तू पैशातलं महत्त्व आणि पुरवठ्याची जोखीम यांवर चार गटांत लावणारी) विचारली तर वाळूचंच उदाहरण द्या: किमतीत पिग आयर्नच्या, म्हणजे वितळवायच्या कच्च्या लोखंडाच्या, पासंगालाही पुरत नाही, पण घाट बंद झाला की कोअर शॉप बसून.

आणि रिपोर्टसाठी कागदांच्या झेरॉक्स इंटर्नशिप चालू असतानाच घ्या, सरांना विचारून आणि दर झाकून. सर्टिफिकेट मिळाल्यावर गेटवरचा वॉचमन ओळख देत नाही.