आमची वाटचाल: लॅमिंग्टन रोड ते सर्व्हरची रजिस्ट्री

आमची कंपनी तशी छोटीच. मी, माझा धाकटा भाऊ, हाताखाली तीन पोरं आणि दादरला एक गाळा, त्यात निम्मी जागा जुन्या मशीननी अडवलेली. काय काम करता असं कोणी विचारलं तर मी सरळ सांगतो, बंद पडलेले सर्व्हर परत उभे करतो. त्यातही जास्त करून विंडोजची रजिस्ट्री, म्हणजे त्याच्या सगळ्या सेटिंगची नोंदवही, करप्ट झालेले, कारण या कामाला बाजारात सहसा कोणी हात लावत नाही, फॉरमॅट मारा म्हणतात आणि मोकळे होतात.

सुरुवात २००३ ला मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर झाली, असेंबल केलेले पीसी विकायचे आणि वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, घ्यायची. तेव्हा काळबादेवी, मशीद बंदरच्या पेढ्यांवर सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला त्यातल्या त्यात बरा पीसी असायचा, त्यावर एक्सपी, एक टॅली आणि एक शेअर केलेला फोल्डर, बस. एक्सपीला एका वेळी बाहेरून दहाच मशीन जोडता यायची, त्यामुळे अकरावा माणूस कायम ओरडत असायचा की माझं टॅली उघडत नाय. आणि मधेच लाइट गेली की सकाळी काळ्या स्क्रीनवर मेसेज, सिस्टम नावाची फाइल मिसिंग ऑर करप्ट. भावाने तेव्हाच रिकव्हरी कन्सोल, म्हणजे विंडोज उठत नसतानाही कमांड देऊन फाइली बदलायची सोय, शिकून घेतला. विंडोजच्या रिपेअर फोल्डरमधे इन्स्टॉल केलं त्या वेळची रजिस्ट्री पडून असायची, ती टाकून मशीन कसंबसं उठवायचं आणि मग विंडोज अधूनमधून आपोआप जपून ठेवतं त्या रिस्टोर पॉइंटमधली ताजी फाइल काढून तिच्या जागी बसवायची. शेठ लोकांना वाटायचं जादू केली, पण ते सगळं नीट शिकून घेतलेलं काम होतं.

२६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला आणि पुढचे कित्येक आठवडे कुर्ला, कलिन्याकडची तळमजल्यावरची ऑफिसं आमच्याकडे भिजलेली मशीन घेऊन येत होती. अशी डिस्क कधीकधी शेवटचं एकदाच चालते, तेवढ्यात जे निघेल ते काढायचं. तिथून आमच्याकडे एक नियम लागला तो आजपर्यंत आहे. आधी पूर्ण डिस्कची कॉपी, मग दुरुस्ती, आणि दुरुस्ती कॉपीवर, मूळ डिस्कवर नाही. नवीन पोरगा आला की पहिले हेच शिकवतो, बाकी सगळं नंतर.

पण कंपनी खरी वळली ती २०२० मधे. १२ ऑक्टोबरला सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड बसलं आणि अख्ख्या मुंबईची लाइट गेली, ठाणे, नवी मुंबई पण, लोकल जिथल्या तिथे उभ्या, ते कोणी विसरलं नसेल. फोर्टला आमचे एक कस्टम्स क्लिअरिंगवाले काका आहेत, मूळचे गिरगावचे, त्यांचं ऑफिस तेव्हा जवळजवळ पूर्ण घरून चालू होतं, सगळे रिमोटने सर्व्हरवर येऊन काम करायचे. ऑफिसात फक्त वॉचमन. यूपीएसने थोडा वेळ तग धरला आणि मग बॅटरी संपली तसा सर्व्हर चालू कामात धाडकन बंद. यूपीएसला सर्व्हरशी जोडायची यूएसबी केबल असते, बॅटरी उतरली की ती सर्व्हरला सांगते की बाबा आता नीट बंद हो. ती केबल खोक्यातच होती, आधीच्या व्हेंडरने कधी लावलीच नव्हती. त्यात डिस्क सांभाळणाऱ्या रेड कार्डच्या कॅशची, म्हणजे तात्पुरत्या मेमरीची, बॅटरी मेलेली, म्हणजे डिस्कवर लिहायचा बाकी असलेला डेटा लाइट गेल्याबरोबर उडाला.

लाइट आली, सर्व्हर चालू केला तर निळी स्क्रीन, रीस्टार्ट, परत निळी स्क्रीन. काकांचा फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता. न्हावा शेव्याला त्यांच्या पार्ट्यांचे कंटेनर येऊन पडलेले, आणि तेव्हा नियम असा होता की जहाज लागल्यावर पुढच्या कामाच्या दिवसाच्या आत बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सला द्यायचा कागद, भरायची, नाहीतर पहिले तीन दिवस रोजचे ५००० आणि त्यानंतर रोजचे १०,००० रुपये. शिवाय बंदरातलं भाडं वेगळं. कोणीतरी त्यांना सांगितलेलं की फॉरमॅट करून टाका, संध्याकाळपर्यंत चालू होईल. मी म्हटलं, काका, मी येईपर्यंत कोणालाही हात लावू देऊ नका आणि परत परत चालू करून बघू नका. लोकल तेव्हा फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांना होती, त्यामुळे मी आणि भाऊ स्कूटरवर निघालो.

फॉरमॅटला माझा विरोध का ते सांगतो. विंडोज दोन तासात चढतं हो, पण कस्टम्सच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं, प्रत्येक युजरचे हक्क, कोणता फोल्डर कोणाला दिसतो, डेटाबेसची सर्व्हिस, डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, ठरवून दिलेला आयपी पत्ता, हे सगळं परत बसवायला आठवडा जातो आणि तरी काहीतरी राहतंच. आणि यातलं बरंचसं रजिस्ट्रीतच असतं. रजिस्ट्री म्हणजे काही एक फाइल नाही, सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरमधे सिस्टम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी, डिफॉल्ट अशा पाच मोठ्या फाइली असतात, त्यांना हाइव्ह म्हणतात. पाचातली एक गेली म्हणून अख्खं घर पाडायचं नसतं.

काका विचारत होते की डिस्क तर दोन आहेत, मिरर आहे, मग दुसरीवर चांगली कॉपी नसेल का. हा गैरसमज मी फार ठिकाणी बघतो. एक डिस्क मेली तर दुसरी चालते, एवढंच मिररचं काम. चुकीचं लिहिलं गेलं तर ते दोन्हीकडे तितक्याच इमानदारीत लिहिलं जातं. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. रोजचा बॅकअप होता, पण त्यात फक्त डेटाचे फोल्डर निवडलेले, सिस्टम स्टेट, म्हणजे रजिस्ट्री वगैरे विंडोजचा स्वतःचा भाग, त्यावर टिक नव्हती.

लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून आधी पूर्ण कॉपी बाहेरच्या डिस्कवर घेतली, त्यात रात्र गेली. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क तपासायचं टूल मुद्दामच चालवलं नाही, कारण ते फाइल सिस्टम जुळवायच्या नादात अर्धवट फाइली कापून टाकू शकतं. मग कॉपीवर एकेक हाइव्ह हेक्स एडिटरमधे, म्हणजे फाइलमधले कच्चे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधे, उघडली. धडधाकट हाइव्हच्या सुरुवातीला आर ई जी एफ ही चार अक्षरं असतात आणि लगेच पुढे दोन आकडे, एक लिहायला सुरुवात करताना वाढतो, दुसरा लिहून झाल्यावर. दोन्ही सारखे असतील तर काम पूर्ण झालंय, वेगळे असतील तर मधेच तुटलंय. चार हाइव्हमधे जुळत होते, सिस्टममधे नाही, आणि खाली सरकत गेलो तर मधला एक मोठा तुकडा नुसती शून्यं. असं तुटलेलं काम विंडोज शेजारच्या लॉग फाइलींवरून स्वतः पूर्ण करतं, पण त्या लॉगपण गेलेल्या.

मग रेगबॅक फोल्डर. जुन्या विंडोजमधे तिथे रजिस्ट्रीची आपोआप कॉपी असायची आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यावरच मशीन उठवली. हा विंडोज सर्व्हर २०१९ होता. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने डिस्कची जागा वाचवायला ही कॉपी घेणं बंद केलंय आणि सर्व्हर २०१९ पण त्यानंतरचाच. फोल्डरमधे पाचही नावं दिसतात, साइज बघितली तर शून्य केबी. भाऊ नुसता बघत राहिला.

शेवटी कामाला आली शॅडो कॉपी, म्हणजे ठरल्या वेळी ड्राइव्ह जसा होता तसा विंडोज जपून ठेवतं ती. सी ड्राइव्हवर ती कोणीतरी चालू करून ठेवलेली होती आणि तिचं ठरलेलं टायमिंग म्हणजे सोमवार ते शुक्रवार सकाळी सात आणि दुपारी बारा. सोमवार होता! म्हणजे लाइट जायच्या तीन तास आधीचा सगळा ड्राइव्ह त्यात असणार. लिनक्सवर ती वाचायचं ओपन सोर्स टूल आहे, त्यातून सातची सिस्टम हाइव्ह काढली, लॅपटॉपवर रेजएडिट या रजिस्ट्री उघडायच्या प्रोग्रॅममधे लोड केली, सर्व्हिसेसखाली डेटाबेसची नोंद आहे, तिथेच टीसीपीआयपीखाली तोच आयपी आहे, दोन्ही डोळ्यांनी बघून घेतलं. मग कॉपीवरून एका स्पेअर मशीनवर ट्राय केलं, लॉगिनची स्क्रीन आली, तेव्हा कुठे मूळ सर्व्हरला हात लावला. खराब हाइव्ह डिलीट नाही केली, नाव बदलून तिथेच ठेवली. डेटाबेसची तपासणी चालवली, ती क्लीन आली, तेव्हा काकांना म्हटलं आता पोरांना लॉगिन करू द्या. काका काही बोलले नाहीत, वॉचमनला चहा आणायला पाठवला आणि स्वतः आमच्यासाठी खुर्च्या पुसायला लागले, साठीच्या पुढचा माणूस. मला ते बघवेना.

काकांनी पुढे त्यांच्या लाइनमधल्या सगळ्यांना आमचा नंबर दिला आणि बॅलार्ड इस्टेट, फोर्टकडची बरीच ऑफिसं आमच्याकडे आली. पीसी विकणं आम्ही त्यानंतर हळूहळू बंदच केलं. आता नवीन क्लायंट घेतला की पहिल्याच भेटीत यूपीएसची केबल लावतो, रेडची बॅटरी तपासतो, रेगबॅकची कॉपी परत चालू करतो, त्यासाठी एनेबल पीरिऑडिक बॅकअप नावाची व्हॅल्यू रजिस्ट्रीत एक करून मशीन रीस्टार्ट करावं लागतं, आणि सिस्टम स्टेटचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर लावतो. दर तिमाहीला तो बॅकअप आमच्या गाळ्यातल्या मशीनवर खरोखर चढवून बघतो. याचे पैसे वेगळे घेतो आणि त्यात घासाघीस करत नाही, कारण चढवून न बघितलेल्या बॅकअपवर माझा काडीचा विश्वास नाही.

सध्या जास्त काम विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वरून नव्या आवृत्तीवर हलवायचं चालू आहे, त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला तरी कितीतरी पेढ्यांवर तो अजून धावतोय. तुमच्याकडे असेल तर दादरला येऊन भेटा. आणि सर्व्हर आत्ताच निळ्या स्क्रीनवर अडकला असेल तर तो बंद करून ठेवा, फॉरमॅट कोणाला मारू देऊ नका आणि फोन करा, रात्री केला तरी चालेल, भाऊ उचलतो.