टोळीयुद्धाचा चित्रपट आणि प्रेक्षकांची तक्रार

दारूबंदीच्या काळातील शिकागोवर बेतलेला टोळीयुद्धाचा चित्रपट आज पाहिला आणि बाहेर पडताना कानावर आलेली मते चित्रपटाइतकीच रंजक वाटली. कोणाला तो संथ वाटला, कोणाला गोळीबार कमी पडला. एका गृहस्थांची तक्रार अशी होती, की एवढा दरारा असलेला टोळीप्रमुख खुनासाठी नव्हे, तर प्राप्तिकर बुडवल्याबद्दल तुरुंगात जातो, हे काही पटत नाही. वास्तविक इतिहासाला सर्वांत धरून असलेला भाग तोच आहे. शिकागोचा खराखुरा टोळीप्रमुख अल कपोन याला १९३१ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली ती करचुकवेगिरीबद्दलच, कारण खुनाला साक्षीदार मिळणे कठीण होते, पैशाचा माग मात्र कागदोपत्री काढता आला.

‘हिंसेचे उदात्तीकरण’ हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. उंची सूट आणि चकचकीत मोटारी यांवर कॅमेरा जरा जास्तच रेंगाळतो (वेशभूषाकाराचे कौतुक मात्र करायलाच हवे). परंतु १४ फेब्रुवारी १९२९ च्या हत्याकांडाचा प्रसंग, ज्यात पोलिसांच्या गणवेशातील मारेकऱ्यांसह आलेल्या टोळीने गॅरेजच्या भिंतीशी उभे करून ७ जणांना ठार केले, तो दिग्दर्शकाने पार्श्वसंगीताविना, कोरडेपणाने दाखवला आहे. त्या हत्यांबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही, आणि याविषयी बाहेर कोणी तक्रार करताना मला तरी ऐकू आले नाही.