पाहुण्यांनी वेळेत निघावं

परवा भर दुपारी वळीव कोसळला आणि आमच्या गॅलरीच्या कोपऱ्यातून नेहमीची धार लागली. खाली बादली सरकवली. त्या धारेकडे बघत उभा होतो तर एकदम ओल्ड ट्रॅफर्ड आठवलं. आमच्या गॅलरीचं आणि मँचेस्टर युनायटेडच्या मैदानाचं एवढं एकच साम्य.

१२ मे २०२४, रविवार. लंडनची आर्सेनल, म्हणजे माझी फुटबॉलची टीम, तिथं एक–शून्यनं जिंकली. सामना संपता संपता मँचेस्टरवर असा पाऊस आला की स्टँडच्या छताच्या कोपऱ्यातून धबधबा सुरू झाला. थेंब थेंब नाही, आंबोलीसारखा. मग रात्रभर मोबाइलवर त्याच्याच चित्रफिती. मी दहा वेळा बघितल्या, दहा जणांना पाठवल्या. आई म्हणायची, कुणाच्या घरी गेलं की वर छताकडं बघू नये. मी तर दुसऱ्याच्या घरातून तीन गुण उचलून वर छताचं गळकं पाणी गावभर दाखवत होतो.

मराठी पेपरात क्रिकेटच्या बातम्यांत एक शब्द असतो, ‘पाहुणा संघ’. पाहुण्यांनी नाणेफेक जिंकली, पाहुण्यांचा डाव गडगडला. लहानपणी मला हा शब्द फार विचित्र वाटे. पाहुणा म्हटला की पाटावर बसणार, ‘नको नको’ म्हणत आणखी एक पोळी घेणार. हे कसले पाहुणे, जे यजमानाला त्याच्याच अंगणात झोडपतात? इंग्लंडातलं फुटबॉल बघायला लागल्यावर, विशेषतः मोसम संपतानाचं, मे महिन्यातलं, तो शब्द पटला. एका गोलची आघाडी घेऊन दुसऱ्याच्या मैदानावर उभं राहणं म्हणजे पाहुणेपणच. पोटभर जेवण झालेलं असतं, रिक्षा दारात असते, आणि यजमान म्हणतात, बसा हो, एवढी काय घाई.

त्या दिवशी रिक्षा विसाव्या मिनिटालाच आली. युनायटेडचा कासेमिरो सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मधोमध, खेळत होता. बाकीचे बचावपटू पुढं सरकले आणि हा मागं रेंगाळला. देवळातून दर्शन घेऊन परतल्यासारखा चालत होता. त्याच्या त्या चालण्यामुळं आमचा हावर्ट्झ ऑनसाइड राहिला, म्हणजे नियमात बसला. उजवीकडून त्यानं खाली चेंडू टाकला, त्रोसार्डनं जवळच्या खांबापाशी घुसून पाय लावला. झालं. नंतरचा जवळजवळ सव्वा तास मी काय बघितलं ते विचारू नका, कारण बघितलंच नाही. मी लसूण सोलत होतो.

हे सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो. आर्सेनल एका गोलनं पुढं असली की माझ्याच्यानं टीव्हीकडं तोंड करून बसवत नाही. उठून फेऱ्या माराव्यात तर घरचे वैतागतात. म्हणून मी स्वयंपाकघरातून लसणाची परडी आणतो, टीव्हीला पाठ करतो आणि सोलत बसतो. आवाज बारीक. समालोचकाचा स्वर चढला की हात थांबतो, उतरला की पुढची पाकळी. युनायटेडचा गार्नाचो डावीकडनं सुटला की माझ्या नखात लसूण रुततो. दोन–शून्य झालं की परडी बाजूला. बरोबरी झाली तरी बाजूला, कारण मग सांभाळायचं काही उरतच नाही. लसूण फक्त एका गोलच्या आघाडीवर सोलला जातो. बायको ताटातल्या भाजीवरून निकाल ओळखते. “फार जड गेलेली दिसतेय मॅच,” असं ती सोमवारी डबा भरताना म्हणते.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. तिथं फुटबॉल म्हणजे पेठ. बाकी महाराष्ट्र क्रिकेटवर वाढला, आम्ही तालमींवर. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. गल्लीतल्या तालमीचा संघ हा जातीच्या दाखल्याइतका पक्का असायचा. पण एक गंमत बघा, या सगळ्यांसाठी मैदान एकच, शाहू स्टेडियम. घरची मॅच नाही, परगावची नाही. पाहुणा कुणीच नाही आणि सगळेच यजमान. मैदान दोघांचं असलं तरी बसायच्या जागा मात्र ज्याच्या त्याच्या. कुठल्या बाजूला कुणी बसायचं हे न सांगता ठरलेलं असायचं.

आमचं घर मंगळवार पेठेत, म्हणजे पाटाकडील. आजोळ शिवाजी पेठेत, म्हणजे शिवाजी तरुण मंडळ. चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आजीकडं राहायला होतो आणि मामा म्हणाला, चल मॅचला. नऊ-दहा वर्षांचा असेन. मॅच ह्याच दोघांची होती आणि मामानं मला नेऊन बसवलं ते त्याच्या माणसांत. उन्हानं तापलेल्या पायऱ्या, खाली टाकलेला पेपर, कागदाच्या पुडीत शेंगदाणे. मामा कानाशी वाकून म्हणाला, “खुळ्या, हितं गप बसायचं. तुमचा गोल झाला तरी गप.”

आणि झाला की गोल.

मी ओरडलो नाही. तोंडात शेंगदाण्याचा बकाणा होता, तो तसाच धरून बसलो. पलीकडच्या बाजूनं फटाक्यांचा धूर उठला, हलगी कडाडली. तिकडं माझी सगळी गल्ली नाचत असणार. माझ्या भोवतीनं मात्र शिव्यांचा पाऊस. समोरच्या काकांनी वळून मला विचारलं, “काय रं, ऑफसाइड हुतं का न्हाई?” मी मान डोलावली. आयुष्यातली पहिली फितुरी. मामा पुढं बघत होता, पण त्याचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि त्यानं हळूच दाबलं. ते शाबास होतं की तंबी, हे मला आजही कळलेलं नाही. मॅच संपेपर्यंत मी एवढंच मागत होतो की आता गोल नको. कुणाचाच नको. शिट्टी होऊ दे आणि घरी जाऊ दे.

इंग्लंडातल्या मैदानांत पाहुण्यांसाठी एक कोपरा राखून ठेवतात. हजारोंच्या गराड्यात तीन-एक हजार माणसं. टीव्हीवर त्यांचं गाणं जास्त ऐकू येतं याचं लोकांना नवल वाटतं. मला त्या माणसांचा हेवा वाटतो. माझ्यासारखं त्यांना शेंगदाणे तोंडात धरून बसावं लागत नाही.

तसा ओल्ड ट्रॅफर्डचा एक–शून्य माझ्या ओळखीचा. ८ मे २००२. तेव्हा वसतिगृहात होतो, मध्यरात्रीनंतर मॅच, मेसच्या टीव्हीपुढं चौघं. आमच्या ल्युंगबर्गचा फटका त्यांच्या गोलकीपरनं, बार्थेझनं अडवला, परतलेला चेंडू विल्टोर्डनं आत ढकलला आणि आर्सेनलनं विजेतेपदच युनायटेडच्या घरात जाऊन उचललं. तेव्हा मी लसूण सोलत नव्हतो. पाठ न करता, डोळे उघडे ठेवून मॅच बघता यायची. वय विशीतलं होतं आणि अजून फारसं काही हरलेलं नव्हतं, एवढंच कारण असेल. दोन वर्षांनी, २००४ साली, एकही सामना न गमावता पुन्हा विजेतेपद आलं आणि मग पुढं वर्षानुवर्षं नुसती परडी.

२०२४ च्या त्या रविवारी शिट्टी झाली तेव्हा आर्सेनलचे ८६ गुण होते, विजेतेपदाच्या शर्यतीतल्या मँचेस्टर सिटीचे ८५. पण सिटीचे दोन सामने बाकी, आमचा एक. म्हणजे मंगळवारी टॉटनहॅमनं सिटीला अडवायला हवं होतं. टॉटनहॅम, आर्सेनलचे लंडनमधले शेजारी आणि हाडवैरी, ज्यांचं भलं व्हावं असं मी कधी स्वप्नातही म्हटलं नव्हतं. पाटाकडीलच्या पोरानं शिवाजीसाठी अंबाबाईला नारळ बोलावा तसं. आणि त्यांची माणसं तरी काय, सिटीचा गोल झाल्यावर स्वतःच्याच मैदानात आर्सेनलला चिडवणारी गाणी म्हणत होती. स्वतः हरले तरी चालेल, पण शेजाऱ्याचं घर उजळायला नको. त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हलगी घेऊन गेलो असतो. शेवटाकडं टॉटनहॅमचा सोन एकटा गोलकीपरसमोर सुटला होता. सिटीचा बदली गोलकीपर ऑर्टेगानं पाय लांब केला आणि चेंडू अडला. सिटी दोन–शून्यनं जिंकली. पुढच्या रविवारी सगळं संपलं तेव्हा त्यांचे ९१, आमचे ८९.

मे महिन्यात आमच्याकडं वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. मिरच्या वाळलेल्या, खोबरं भाजलेलं आणि लसूण सोलायला कुणी तयार नाही. त्या वर्षी आई कोल्हापूरहून येऊन बघते तर डबाभर सोललेला लसूण फ्रिजमध्ये तयार. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. “पोरगं सुधारलं,” असं ती बायकोला म्हणाली. चटणी झकास झाली, जरा तिखटच. पुढच्या मेपर्यंत पुरली.

पाऊस थांबलाय, पण धार चालूच आहे. बादली भरत आली, ओतून यायला हवी.