क्यूब्स ओएसमधील एक्स्टेन्शन्स: तिसऱ्या महिन्याची नोंद

क्यूब्स ओएस ही संगणकावरील काम ‘क्यूब’ नावाच्या एकमेकांपासून वेगळ्या आभासी यंत्रांत वाटणारी प्रणाली आहे. मागच्या नोंदीत माझ्या नऊ क्यूबमध्ये मिळून ब्राउझरची एकतीस एक्स्टेन्शन्स (जोड-प्रोग्रॅम) आहेत असे लिहिले होते. ती सगळी मी त्या त्या क्यूबमध्ये हाताने बसवली होती आणि कोणत्या क्यूबमध्ये काय आहे हे माझे मलाच सांगता येत नव्हते. आज हा आकडा अकरावर आला आहे आणि त्यातील एकही हाताने बसवलेले नाही. मधल्या तीन महिन्यांत काय केले, कुठे अडलो आणि कोणती तडजोड पत्करली, ते येथे नोंदवतो.

अडचणीचे मूळ क्यूब्सच्या रचनेतच आहे. झेन या आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभ्या असलेल्या या प्रणालीत ॲप क्यूबची, म्हणजे रोजच्या वापराच्या क्यूबची, मूळ फाइल-व्यवस्था टेम्प्लेट या सामाईक साच्यातून येते आणि क्यूब बंद होताच तिच्यात केलेले बदल पुसले जातात. टिकते ते फक्त होम, युझर-लोकल आणि आरडब्ल्यू या डिरेक्टरींतील. फायरफॉक्सचे प्रोफाइल, म्हणजे त्याच्या सेटिंग्ज व एक्स्टेन्शन्सचे फोल्डर, होममध्ये असल्याने त्यात बसवलेले एक्स्टेन्शन त्या एकाच क्यूबपुरते राहते, टेम्प्लेटला त्याचा पत्ताही नसतो. टेम्प्लेटमध्ये ब्राउझर उघडून एक्स्टेन्शन बसवावे म्हटले, तर टेम्प्लेटला थेट नेटवर्कच नसते. पॅकेज अद्ययावत करण्यापुरती प्रॉक्सी तेवढी असते. शिवाय टेम्प्लेटमध्ये ब्राउझर चालवणे म्हणजे घराच्या पायातच उंदराला बीळ करून देणे आहे.

म्हणून फायरफॉक्सच्या पॉलिसी-यंत्रणेकडे वळलो. मुळात कार्यालयांतील संगणकांसाठी असलेली ही सोय आमच्यासारख्यांच्या कामाला चोख बसते. ईटीसी डिरेक्टरीतील फायरफॉक्सच्या पॉलिसीज फोल्डरमध्ये ‘पॉलिसीज डॉट जेसन’ नावाची फाइल ठेवली, की तिच्यातील ‘एक्स्टेन्शन-सेटिंग्ज’ या भागात प्रत्येक एक्स्टेन्शनच्या ओळख-क्रमांकासमोर ते सक्तीने बसवायचे, नुसते चालू द्यायचे की रोखायचे हे लिहिता येते. आणि क्रमांकाच्या जागी तारांकन देऊन त्यासमोर ‘ब्लॉक्ड’ लिहिले, की यादीबाहेरचे काहीही बसत नाही. एक्स्टेन्शनची फाइल कुठून घ्यायची त्या पत्त्याच्या जागी स्थानिक फाइलचा पत्ताही चालतो. त्यामुळे यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनची फाइल एका डिस्पोजेबल (बंद होताच नष्ट होणाऱ्या) क्यूबमध्ये उतरवली, ‘क्यूव्हीएम-कॉपी’ या आदेशाने फेडोरा लिनक्सच्या टेम्प्लेटमध्ये पाठवली आणि तिथे युझर-शेअरखाली ठेवून दिली. टेम्प्लेटला नेटवर्क न देता काम झाले.

पहिल्या दिवशी मात्र काहीच झाले नाही. क्यूब सुरू केला, फायरफॉक्स उघडले, एक्स्टेन्शनचा मागमूस नाही. ‘अबाउट-पॉलिसीज’ पानावर सक्रिय पॉलिसींची यादी रिकामी होती. फाइलचा मार्ग, परवानग्या, टेम्प्लेट बंद करून क्यूब पुन्हा सुरू केला की नाही, हे सगळे तपासण्यात संध्याकाळ गेली; शेवटी पायथनच्या जेसन-तपासणीत फाइल घातली, तेव्हा शेवटच्या कंसाआधी एक स्वल्पविराम जास्तीचा राहिल्याचे दिसले. एवढ्या एका चिन्हापायी अख्खी फाइल नाकारली गेली होती. तेव्हापासून ती फाइल तपासणीतून गेल्याशिवाय टेम्प्लेटकडे पाठवत नाही.

यंत्रणा चालू लागल्यावर खरा प्रश्न समोर आला, आणि तो तांत्रिक नाही. टेम्प्लेटमधील पॉलिसी त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक क्यूबला लागू होते; पण सगळीकडे सारखीच एक्स्टेन्शन्स हवीत, तर क्यूब वेगळे ठेवण्याचा खटाटोप तरी कशाला? ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी घेतलेले एक्स्टेन्शन बँकेच्या क्यूबमध्ये असेल, तर झेनने उभी केलेली भिंत त्या खोलीच्या आतल्या माणसापासून वाचवू शकत नाही. म्हणून मी यादी उलट्या बाजूने लिहिली: कोणत्या क्यूबमध्ये काय नको. बँकेच्या क्यूबमध्ये एकही एक्स्टेन्शन ठेवले नाही. (जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनमुळे एका बँकेचे ओटीपीचे पानच उघडत नसे, ती कटकटही त्यासोबत गेली.) पासवर्ड भरणारे एक्स्टेन्शन सगळीकडूनच काढले, कारण पासवर्ड साठवणारे माझे कीपास-एक्ससी नेटवर्क नसलेल्या व्हॉल्ट क्यूबमध्ये असते आणि ब्राउझरमधील एक्स्टेन्शनला तिथवर पोहोचू देण्यासाठी भिंतीला भोक पाडावे लागते. व्हॉल्टमध्ये नकल केल्यावर कंट्रोल-शिफ्ट-सी आणि इकडच्या क्यूबमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही, एवढे कष्ट मला चालतात.

मराठी टंकनाचे एक्स्टेन्शन काढताना हात थोडा अडखळला, कारण ते रोजच्या सवयीचे होते. पण लिहिलेले प्रत्येक अक्षर ज्याच्या हातून जाते, त्याला सर्व पाने वाचण्याची मुभा द्यायची हे पटेना. टेम्प्लेटमध्ये आयबस ही टंकन-प्रणाली आणि तिचे एम१७एन पॅकेज बसवले, तेव्हा मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळाले, आणि ब्राउझरबाहेरही लिहिता येऊ लागले.

क्यूबनिहाय फरक टेम्प्लेट न वाढवता साधला आहे. प्रत्येक क्यूबच्या आरडब्ल्यू-कॉन्फिगमध्ये त्याची स्वतःची पॉलिसी-फाइल असते आणि क्यूब सुरू होताना ‘आरसी डॉट लोकल’ ही स्क्रिप्ट ती ईटीसीमध्ये टेम्प्लेटच्या फाइलवर टाकते. टेम्प्लेटची फाइल सर्वांत कडक ठेवली आहे, म्हणजे स्क्रिप्ट चालली नाही तरी क्यूब मोकाट न राहता आवळलेलाच राहतो. हे सगळे डोम-झीरो या मुख्य नियंत्रक यंत्रातील सॉल्ट या मांडणी-साधनाच्या नोंदींत लिहिले असून ‘क्यूब्स-सीटीएल’ने एका आदेशात लागू होते. सॉल्टने स्क्रिप्ट लिहिताना परवानगीचा आकडा दिला नव्हता, त्यामुळे ती चालवण्याजोगी झालीच नाही आणि तीन क्यूब दोन दिवस टेम्प्लेटच्या कडक पॉलिसीवर चालले. आता तिथे ७५५ स्पष्ट लिहिलेले आहे.

डिस्पोजेबल क्यूबचे मात्र अजून पुरते जमलेले नाही. तिथे फायरफॉक्स दर वेळी नवे प्रोफाइल तयार करते, मग पॉलिसी वाचून एक्स्टेन्शन बसवते, आणि दुवा थेट डिस्पोजेबलमध्ये उघडला, तर पहिले पान एक्स्टेन्शन जागे होण्याआधीच जाहिरातींसह समोर येते. उपाय म्हणून डिस्पोजेबलच्या टेम्प्लेटमध्ये (हा स्वतः एक ॲप क्यूबच असतो) फायरफॉक्स एकदा उघडून बंद केले, म्हणजे तयार प्रोफाइलच प्रत्येक डिस्पोजेबलला मिळते. पण फायरफॉक्स प्रत्येक प्रोफाइलमध्ये एक्स्टेन्शनला एक यादृच्छिक अंतर्गत ओळख देते, आणि तयार प्रोफाइलमुळे ती सर्व डिस्पोजेबल्समध्ये एकच झाली. दोन डिस्पोजेबल्समधील प्रेफ्स (सेटिंग्जच्या) फाइल्स शेजारी ठेवून पाहिल्या, अक्षरनअक्षर तीच. एखादे एक्स्टेन्शन पानात स्वतःची चित्रे किंवा फाइल्स घालत असेल, तर संकेतस्थळाला ही ओळख वाचता येऊ शकते, आणि मग कालचा डिस्पोजेबल आणि आजचा डिस्पोजेबल एकाच माणसाचे आहेत हे कळण्याची वाट उघडते.

यावर सध्या दोन डिस्पोजेबल टेम्प्लेट ठेवले आहेत. मेलमधील दुवे आणि पीडीएफसाठी तयार प्रोफाइलचा, तर अनोळखी संकेतस्थळांसाठी कोऱ्या प्रोफाइलचा. या दुसऱ्यात पहिले पान रिकामे उघडते आणि पत्ता मी दहाएक सेकंद थांबून टाकतो. तयार प्रोफाइलमधील गाळणी-याद्या शिळ्या होतात, म्हणून दर रविवारी तो टेम्प्लेट उघडून त्या ताज्या कराव्या लागतात. मागच्या दोन रविवारी विसरलो.

क्रोमियम या दुसऱ्या ब्राउझरचा एकच क्यूब उरला आहे. तिथे पॉलिसीचे फोल्डर वेगळे आहे आणि एक्स्टेन्शन्ससाठीच्या मॅनिफेस्ट या नियम-चौकटीची दुसरी आवृत्ती बंद होत गेल्याने यूब्लॉक ओरिजिनच्या जागी त्याची लाइट आवृत्ती घ्यावी लागेल. तो क्यूब फक्त व्हिडिओ-बैठकींसाठी असल्याने तूर्त तिथे तारांकनासमोर बंदी घालून ठेवली आहे.